मेथिलीन ब्लूचा रंग उतरला, पण पाण्याचं काय? एका ग्राफीन संमिश्राचं प्रकरण

2010 च्या जानेवारीत ‘एसीएस नॅनो’ या नियतकालिकात बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या जिंगहोंग ली यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. टायटॅनियम डायऑक्साइडची, म्हणजे टायटॅनियाची, पी-25 नावाची भुकटी आणि ग्राफीन नावाचा कार्बनचा पापुद्रा यांचं संमिश्र त्यांनी तयार केलं होतं. ते मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या द्रावणात घालून उजेड दिला, की निळा रंग नुसत्या पी-25 पेक्षा बराच लवकर जात होता. तेवढाच कार्बन असलेल्या नॅनोनळ्यांच्या संमिश्रालाही त्याने मागे टाकलं. वर्ष संपता संपता त्याच नियतकालिकात फुचौ विद्यापीठातल्या यी-जुन शू यांच्या गटाचा निबंध आला. टायटॅनिया आणि कार्बनच्या इतर संमिश्रांपेक्षा हे संमिश्र खरोखर वेगळं आहे का, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता, आणि निबंधाचं उत्तर होतं ‘नाही’. वाचकांपर्यंत चुकीचा संदेश जाऊ नये यासाठी हे काम आहे, असं शू यांनी सारांशात जानेवारीच्या निबंधाचा थेट हवाला देऊन म्हटलं.

असा समोरासमोरचा वाद छापून येणं तसं विरळाच. पण मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर जे घडलं त्यामुळे. झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड, लोहाची ऑक्साइडं, अशा जवळजवळ प्रत्येक धातूच्या ऑक्साइडची ग्राफीनशी जोडी लावून झाली. आणि बहुतेक निबंधांत परीक्षा तीच राहिली: काचेच्या भांड्यात एखादा रंग, वर दिवा, आणि किती मिनिटांत किती टक्के रंग गेला याचा आलेख. रंगाने दूषित झालेलं सांडपाणी स्वच्छ करण्याचा सगळा दावा त्या एका आलेखावर उभा असतो. तो आलेख नेमकं काय मोजतो, हे या प्रकरणाच्या निमित्ताने नीट उलगडून पाहता येतं.

काय तयार केलं होतं

पी-25 ही या क्षेत्राची ठरलेली मोजपट्टी. तिच्यात साधारण 80 टक्के ॲनाटेज आणि 20 टक्के रुटाइल असे टायटॅनियाचे दोन स्फटिकप्रकार असतात. कण वीस-पंचवीस नॅनोमीटरचे, आणि एका ग्रॅमला सुमारे 50 चौरस मीटर पृष्ठभाग. नवा प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे उजेड शोषून अभिक्रिया घडवणारा पदार्थ, केला की त्याला पी-25 शेजारी उभं करायचं, अशी रीतच पडली आहे.

ग्राफीनची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. एका अणूच्या जाडीचा हा कार्बनचा पापुद्रा पाण्यात नीट पसरत नाही. पापुद्रे एकमेकांवर बसून पुन्हा ग्राफाइटसारखे थर होतात. म्हणून सुरुवात ग्राफीन ऑक्साइडपासून करतात. सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट यांत ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण करण्याची 1958 सालची हमर्स पद्धत आजही थोड्याफार फरकाने वापरात आहे. जाळीवर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्सी गट येतात, कडांना कार्बॉक्सिल गट येतात, आणि त्यामुळे पापुद्रे पाण्यात सुटे राहतात. हे पापुद्रे आणि पी-25 बंद पात्रात घालून द्रावणाला दाबाखाली उष्णता दिली की एकाच टप्प्यात दोन गोष्टी होतात. ग्राफीन ऑक्साइडमधला बराचसा ऑक्सिजन निघून जातो, आणि टायटॅनियाचे कण पापुद्र्याला धरून बसतात. ही पकड रासायनिक बंधाची आहे, असं ली यांच्या गटाचं म्हणणं होतं.

म्हणजे हाती येतं ते क्षपित ग्राफीन ऑक्साइड. त्यात जाळीला भोकं असतात, ऑक्सिजनचे काही गट उरलेले असतात, वहनक्षमता कमी झालेली असते. निबंधांच्या प्रस्तावनेत मात्र आकडे आदर्श ग्राफीनचे दिले जातात: एका ग्रॅमला 2630 चौरस मीटर पृष्ठभाग, इलेक्ट्रॉनांची विलक्षण गती, वगैरे. 2630 हा आकडा पूर्ण सुट्या, निर्दोष पापुद्र्याचा, कागदावर काढलेला आहे. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना 2010 चं नोबेल मिळालं ते ग्राफाइटवरून सोलून काढलेल्या ग्राफीनवरच्या प्रयोगांसाठी. आम्लात भाजून निघालेल्या जाळीला ते सगळे गुण आपोआप मिळत नाहीत. हा फरक कोरडा तात्त्विक नाही. 2011 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मार्क हर्सम आणि किम्बर्ली ग्रे यांच्या गटाने दोन्ही प्रकारचं ग्राफीन टायटॅनियाबरोबर वापरून पाहिलं. द्रावकात सोललेलं, कमी दोषांचं ग्राफीन असलेलं संमिश्र कार्बन डायऑक्साइडच्या प्रकाश-क्षपणात स्पष्टपणे सरस ठरलं.

कल्पनेत खोट नाही

ॲनाटेजचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. सुमारे 388 नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाशच त्याच्या उपयोगी पडतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात तो जेमतेम चार-पाच टक्के असतो. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी, धनभारित जागा, म्हणजे होल, उरतं. होल पृष्ठभागावरच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक हा अतिक्रियाशील तुकडा तयार करतं. त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद सुमारे 2.8 व्होल्टची, त्यामुळे कार्बनी रेणूंपैकी फार थोडे त्याच्यापुढे टिकतात. इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड होतो. अडचण एवढीच, की बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल पृष्ठभागावर काही करण्याआधीच परत एकत्र येतात आणि शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

ग्राफीनची मदत इथे व्हायला हवी. टायटॅनियाचा वहनपट्टा, म्हणजे तो वरचा पट्टा, निर्वातपातळीच्या सुमारे 4.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली आहे, ग्राफीनचं वर्क फंक्शन (त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) 4.4 ते 4.5 च्या आसपास. इलेक्ट्रॉनला ग्राफीनकडे जायला उतार मिळतो. तो खरोखर जातो, हे नोत्र दाम विद्यापीठातल्या प्रशांत कामत यांच्या गटाने 2008 मध्येच दाखवलं होतं. इथेनॉलमध्ये टायटॅनिया आणि ग्राफीन ऑक्साइड ठेवून अतिनील प्रकाश दिला. इथेनॉलने होल अडवलं, इलेक्ट्रॉन ग्राफीन ऑक्साइडमध्ये शिरले आणि फिकट तपकिरी द्रावण काळं पडलं. तो काळेपणा म्हणजे इलेक्ट्रॉन पोचल्याची खूण.

तेव्हा ली यांच्या गटाची कल्पना पक्क्या पायावर होती. आपल्या संमिश्रात तीन गुण एकत्र आले आहेत, असं त्यांनी मांडलं: रंग मोठ्या प्रमाणावर धरून ठेवण्याची क्षमता, प्रकाश शोषणाचा वाढलेला पल्ला, आणि भारांचं चांगलं विलगीकरण. माझ्या मते प्रकरणाची गाठ याच वाक्यात आहे. तिन्ही गुणांमुळे निळा रंग लवकर जातो. पण पाण्यातला कार्बनी रेणू खरोखर जाळून टाकण्याशी तिघांचं नातं सारखं नाही, आणि रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला तिघांतला फरक कळत नाही.

दिवा लावण्याआधी

मेथिलीन ब्लू हा धनभारित, सपाट, सुगंधी वलयांचा रेणू आहे. क्षपित ग्राफीन ऑक्साइडवर उरलेले कार्बॉक्सिल गट ऋणभारित असतात आणि बाकी जाळीही वलयांचीच असते. भारामुळे आकर्षण आणि वलयावर वलय बसणं, दोन्ही एकाच वेळी घडतं. या दोघांना एकत्र आणलं की अंधारातच रंग पृष्ठभागाला चिकटायला लागतो. यालाच अधिशोषण म्हणतात, आणि त्यात रेणू तुटत नाही. पाण्यातून निघून भुकटीवर जाऊन बसतो.

म्हणून दिवा लावण्याआधी अर्धा-एक तास मिश्रण अंधारात ढवळत ठेवतात. बहुतेक निबंधांत ही पायरी असते. घोळ होतो तो पुढच्या हिशेबात. समजा, सुरुवातीला लिटरला 10 मिलिग्रॅम रंग आहे. संमिश्राने अंधारातच 6 मिलिग्रॅम ओढून घेतले, 4 उरले. तासाभराच्या उजेडानंतर 1 उरला. मूळ 10 धरून हिशेब केला तर 90 टक्के ‘विघटन’. शेजारच्या भांड्यात नुसत्या पी-25 ने अंधारात अर्धा मिलिग्रॅम घेतला, साडेनऊ उरले. उजेडात ते 3 वर आले. म्हणजे 70 टक्के. नव्वद विरुद्ध सत्तर, संमिश्र स्पष्टपणे पुढे.

आता दिवा लावल्या क्षणापासूनचा हिशेब करा. पहिल्या क्रमांकाच्या अभिक्रियेचं सूत्र लावलं तर संमिश्राचा वेगांक मिनिटाला सुमारे 0.023 येतो आणि पी-25 चा 0.019. अंतर बरंच घटलं. पाण्यातून उजेडात किती रंग गेला ते पाहिलं तर चित्र उलटतं: संमिश्राने 3 मिलिग्रॅम, पी-25 ने साडेसहा. यातून पी-25 सरस ठरतं असंही नाही, कारण संमिश्रावर चिकटलेले 6 मिलिग्रॅम त्या तासात जागच्या जागी तुटलेही असतील. पृष्ठभागाजवळ रंग गोळा होणं हा प्रकाश-उत्प्रेरणाचा फायदाच आहे, कारण हायड्रॉक्सिल मूलक फार दूर जात नाही. पण तुटले की नुसते बसून राहिले, हे पाण्याचा रंग सांगू शकत नाही. भुकटी गाळून इथेनॉलने धुवावी लागते आणि धुवणात किती निळा रंग उतरतो ते मोजावं लागतं. एवढी साधी गोष्ट, पण ती केलेले निबंध शोधावे लागतात.

पुनर्वापराच्या आलेखालाही हेच लागू पडतं. चौथ्या-पाचव्या फेरीत क्षमता थोडी उतरते आणि त्याचं कारण भुकटी गाळताना वाया गेली असं दिलं जातं. खरं कारण पृष्ठभाग रंगाने भरत गेला हेही असू शकतं. दर फेरीआधी अंधारातलं अधिशोषण वेगळं मोजलं तर दोन्ही कारणं वेगळी करता येतात.

रंग स्वतःच प्रकाश पितो

दृश्य प्रकाशातल्या दाव्यांबद्दल तर जास्तच सावध राहायला हवं. टायटॅनियाला दृश्य प्रकाश चालत नाही. ग्राफीन जोडल्यावर भुकटी करडी-काळी होते आणि शोषणाचा आलेख लांब तरंगलांबीकडे वर चढतो. त्यावरून बँडगॅप कमी झाला असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पण काळा पदार्थ सगळीकडेच प्रकाश शोषतो. शोषलेल्या प्रकाशातून कामाला येणारे इलेक्ट्रॉन-होल निघतात का, हा वेगळाच प्रश्न आहे.

दरम्यान भांड्यात दृश्य प्रकाश उत्तम शोषणारा एक पदार्थ आधीपासून हजर असतो, तो म्हणजे मेथिलीन ब्लू. त्याचं शोषणशिखर 664 नॅनोमीटरवर आहे. लिटरला 10 मिलिग्रॅमच्या द्रावणात एक सेंटिमीटर जातानाच त्या तरंगलांबीचा 99 टक्क्यांच्या आसपास प्रकाश रंगाकडून शोषला जातो. उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियाला किंवा ग्राफीनला देऊ शकतो, आणि इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू ऑक्सिजनच्या सान्निध्यात मोडतो. रंग जातो, आणि त्याचं श्रेय उत्प्रेरकाला मिळतं. हा मार्ग रंग असेपर्यंतच चालतो. रेणू अर्धवट तुटून रंगहीन झाला की तो दृश्य प्रकाश शोषत नाही आणि काम तिथेच थांबतं. पाण्यात उरतात ते रंगहीन तुकडे.

हे 2010 मध्ये कुणाला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. होक्काइदो विद्यापीठातल्या बुन्शो ओतानी यांच्या गटाने 2006 मध्ये हाच प्रश्न विचारून, दृश्य प्रकाशाच्या चाचणीला मेथिलीन ब्लू योग्य नाही असं दाखवलं होतं. 2010 मध्येच मेथिलीन ब्लूवर आधारित आयएसओ 10678 हे चाचणी-मानक प्रसिद्ध झालं; ते अतिनील प्रकाशापुरतं आहे, आणि त्यात पृष्ठभाग आधी रंगाने भरून घेण्याची पायरी आहे. म्हणजे दोन्ही धोके मानकात विचारात घेतलेले होते. प्रयोगशाळांमधली सवय मात्र तशीच चालू राहिली, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यात खर्च झालेली वर्षं तरुण संशोधकांची आहेत.

पर्याय अवघड नाही. फिनॉल, सॅलिसिलिक आम्ल यांसारखा दृश्य प्रकाश न शोषणारा प्रदूषक घ्यायचा. किंवा दिव्याच्या प्रकाशाची एकेक तरंगलांबी वेगळी करून प्रत्येक ठिकाणी अभिक्रियेचा वेग मोजायचा. वेगाचा आलेख उत्प्रेरकाच्या शोषणाशी जुळला तर काम उत्प्रेरकाचं. रंगाच्या शोषणाशी जुळला तर काम रंगाचं.

दोन इलेक्ट्रॉन आणि एकशे दोन

आता समजा, अधिशोषण वजा केलं, दिवाही अतिनील आहे, आणि तरी रंग गेला. मग पाणी स्वच्छ झालं का?

मेथिलीन ब्लूचा निळेपणा जायला फक्त दोन इलेक्ट्रॉन पुरतात. ते मिळाले की रंगहीन ल्यूको-मेथिलीन ब्लू तयार होतं; सांगाडा पूर्ण शाबूत. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा निळं होतं. टायटॅनियावर मेथिलीन ब्लू दोन्ही वाटांनी रंग गमावू शकतं, म्हणून ही चाचणी संदिग्ध आहे, असं अँड्र्यू मिल्स आणि जिशुन वांग यांनी 1999 मध्येच लिहून ठेवलं होतं. ग्राफीनवर इलेक्ट्रॉन साठत असतील आणि द्रावणात ऑक्सिजन अपुरा असेल, तर ही शक्यता आणखी वाढते. रंग गेलेल्या द्रावणात हवा सोडून थोडा वेळ थांबणं, एवढ्यानेही बरंच कळतं.

दुसरी वाट मेथिल गट एकेक करून गळण्याची. रेणूवर असे चार गट आहेत. ते गळत जातात तसं शोषणशिखर 664 वरून 600 च्या दिशेने सरकतं. आता उपकरण 664 वरच रोखून ठेवलं असेल, तर आकडा झपाट्याने घसरतो आणि विघटन वेगात चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात वलयांना अजून धक्काही लागलेला नसतो. पूर्ण वर्णपट काढला की ही सरक लगेच दिसते.

आणि खरं शुद्धीकरण म्हणजे काय? रेणूतले सोळाही कार्बन कार्बन डायऑक्साइड व्हायला हवेत, गंधकाचं सल्फेट व्हायला हवं, नायट्रोजनचं शेवटी नायट्रेट. समीकरण जुळवून पाहिलं तर एका रेणूमागे साडेपंचवीस ऑक्सिजनचे रेणू लागतात, म्हणजे 102 इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण. रंग घालवायला दोन, रेणू संपवायला एकशे दोन. रंगाचा आलेख शून्यावर आला तेव्हा या लांब प्रवासात आपण कुठे आहोत, हे त्या आलेखातून कळणं शक्यच नाही. त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे टीओसी, मोजावा लागतो. लिटरला 10 मिलिग्रॅम मेथिलीन ब्लूच्या द्रावणात तो सुमारे 6 मिलिग्रॅम असतो. रंग नाहीसा झाला त्या क्षणी टीओसी पाच असेल तर पाण्यातला बहुतेक कार्बन अजून पाण्यातच आहे. सोबत सल्फेट आणि नायट्रेट आयन मोजले तर रेणूचा कोणता भाग सुटला तेही समजतं. निबंध चाळताना मी सर्वांत आधी टीओसीचा आलेख शोधतो. तो नसेल तर ‘सांडपाणी शुद्धीकरण’ हे शब्द शीर्षकात कितीही मोठे असोत, माझ्या लेखी ते काम रंग उतरवण्यापुरतंच आहे.

शू यांच्या गटाने काय वेगळं केलं

त्यांनी संमिश्र जवळपास तसंच केलं: ग्राफीन ऑक्साइड, टायटॅनिया, इथेनॉल-पाणी, बंद पात्र, उष्णता. प्रदूषक मात्र बेंझीन घेतला, तोही वायुरूपात. बेंझीनला रंग नाही, त्यामुळे तो दिव्याचा प्रकाश पिऊन निकाल बिघडवू शकत नाही. आणि संमिश्र या परीक्षेत उत्तीर्ण झालं! नुसत्या टायटॅनियापेक्षा ते बरंच जास्त क्रियाशील आणि टिकाऊ निघालं. ग्राफीन निरुपयोगी आहे असा शू यांचा निष्कर्ष कधीच नव्हता. पुढे हवाला देणारे अनेक जण इथेच घसरतात.

मग त्यांनी ग्राफीनचं प्रमाण बदलत नेलं. एका मर्यादेपलीकडे ग्राफीन वाढवलं की क्रियाशीलता घटत गेली, बेंझीनच्या बाबतीत आणि द्रवातल्या रंगांच्या बाबतीतही. कारण उघड आहे. एक निर्दोष पापुद्रा दृश्य प्रकाशाचा फक्त 2.3 टक्के भाग शोषतो, पण थरावर थर बसलेली काळी भुकटी टायटॅनियापर्यंत प्रकाशच पोचू देत नाही. ‘ग्राफीन जितकं जास्त तितकं उत्तम’ या समजाला तिथेच उत्तर मिळालं. अधिशोषण मात्र ग्राफीन वाढवलं की वाढतच जायला हवं. त्यामुळे हे दोन आलेख एकाच कागदावर काढले तर खूप काही कळतं: टक्केवारी अधिशोषणाबरोबर चढत असेल तर आपण गाळणी तयार केली आहे, मध्येच शिखर गाठून उतरत असेल तर उत्प्रेरक खरोखर काम करतो आहे.

शेवटी कार्बन नॅनोनळ्यांशी तुलना. जास्त अधिशोषण, वाढलेलं प्रकाशशोषण, इलेक्ट्रॉन-होल जोडीचं वाढलेलं आयुष्य: ग्राफीनच्या नावावर जमा केलेले हे सगळे गुण नळ्यांच्या संमिश्रातही दिसले. म्हणून मूलतः ग्राफीन हे इतर कार्बनांसारखंच वागतं, असं त्यांनी ठामपणे लिहिलं. ली यांच्या निबंधात तर समान कार्बन असूनही नळ्या मागे पडल्या होत्या. दोन्ही निरीक्षणं एकाच वेळी खरी असू शकतात. नळ्यांचे गुंते नीट सुटले आहेत का, त्यांच्यावर ऑक्सिजनचे गट किती आहेत, टायटॅनियाचा कण नळीला किती ठिकाणी टेकला आहे, यावर इलेक्ट्रॉनची वाट ठरते. कार्बनचं वजन सारखं ठेवलं म्हणजे संपर्क सारखा झाला असं होत नाही. माझा कल इथे शू यांच्याकडे आहे, पण त्यांच्या निष्कर्षाचा मी असा अर्थ लावतो: पापुद्रा की नळी यापेक्षा ऑक्साइड आणि कार्बन एकमेकांना कसे आणि किती भिडले आहेत, हा प्रश्न मोठा आहे. पुढची चांगली कामं याच वाटेने गेली.

कापड रंगवून उरलेल्या पाण्यात

आता हेच संमिश्र रंगशाळेतून निघालेल्या पाण्यात टाकायचं ठरवलं तर? मेथिलीन ब्लूवर मिळवलेलं बरंचसं यश इथे उलटतं.

सुती कापड रंगवायला वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग बहुधा ॲझो वर्गातले आणि सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात. ते कापडावर बसावेत म्हणून बाथमध्ये लिटरला कित्येक ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात, आणि बंध जुळावा म्हणून सोडा घालून पीएच 10-11 वर नेतात. कापडाला न चिकटलेला रंग या सगळ्यासकट बाहेर येतो. टायटॅनियाचा पृष्ठभाग पीएच 6 ते 6.5 च्या वर ऋणभारित होतो. ग्राफीनवरचे कार्बॉक्सिल गटही ऋण. म्हणजे मेथिलीन ब्लूला ओढणारा पृष्ठभाग इथल्या रंगाला दूर ढकलतो. क्लोराइड आणि कार्बोनेट आयन हायड्रॉक्सिल मूलक मध्येच गिळतात. पाणी इतकं गडद असतं की अतिनील प्रकाश पृष्ठभागाखाली फारसा पोचतच नाही. हे अडथळे वेगवेगळे आहेत, पण एकाच बादलीत एकत्र येतात.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. अनेक रिॲक्टिव्ह रंगांत कापडाशी बंध जोडणारा भाग ट्रायझिन वलयाचा असतो. प्रकाश-उत्प्रेरणात हे वलय सायन्युरिक आम्लापर्यंत येतं आणि तिथे थांबतं. टायटॅनियावरचे मूलक ते फोडू शकत नाहीत. ॲट्राझिन या तणनाशकाच्या अभ्यासांतून हे फार पूर्वीच सिद्ध झालं आहे. सायन्युरिक आम्ल तितकंसं घातक नाही, पण टीओसी शून्यावर नेण्याचं वचन अशा रंगांच्या बाबतीत कुणी देऊ नये.

म्हणून या पद्धतीची योग्य जागा मला साखळीच्या शेवटी दिसते. आधी जैविक प्रक्रियेने सोपा कार्बन खाऊन टाकावा, गाळ बसवावा, पीएच खाली आणावा. उरलेल्या फिकट, हट्टी रंगावर प्रकाश-उत्प्रेरक लावावा. तिथेही नॅनोकण पाण्यातून परत काढण्याचा प्रश्न राहतो. चुंबकाने ओढता यावेत म्हणून मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय ऑक्साइड जोडतात, पण मॅग्नेटाइट टायटॅनियाला थेट टेकलं तर इलेक्ट्रॉन त्याच्याकडे गळतात आणि लोह विरघळू लागतं. मध्ये सिलिकाचा पातळ थर दिला तर हे बरंच थांबतं. झिंक ऑक्साइडची गोष्ट निराळी: ते उजेडात स्वतःच झिजतं, आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. त्याची संमिश्रं वापरताना पाण्यात उतरलेलं जस्त मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पापुद्र्याचं काय होतं

राहिला प्रश्न ग्राफीनच्या टिकण्याचा. हायड्रॉक्सिल मूलक रंगाची सुगंधी वलयं फोडतो, तर शेजारच्याच कार्बनच्या जाळीला तो सोडेल असं मानायला कारण नाही. 2008 मध्ये टायटॅनियाचे इलेक्ट्रॉन ग्राफीन ऑक्साइडमध्ये जातात हे दाखवणाऱ्या कामत यांच्याच गटाने 2014 मध्ये दुसरी बाजू मांडली. अतिनील प्रकाशातल्या टायटॅनियाबरोबर ठेवलेल्या क्षपित ग्राफीन ऑक्साइडचे तुकडे पडतात, आणि त्याचा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइडपर्यंत जातो. भोकांच्या आणि ऑक्सिजन उरलेल्या जागा मूलकाला आयत्या सापडतात. सुरुवातीला वापरलेल्या आम्लाची किंमत इथे चुकवावी लागते.

याचा मोजणीवरही परिणाम होतो. ग्राफीनपासून सुटलेले छोटे, विद्राव्य तुकडे टीओसीच्या उपकरणाला रंगाच्या तुकड्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून अंधारातल्या प्रयोगाबरोबर आणि नुसत्या दिव्याच्या प्रयोगाबरोबर आणखी एक प्रयोग लागतो: पाणी, संमिश्र, दिवा, आणि रंग अजिबात नाही. त्या पाण्यातला विद्राव्य कार्बन तासातासाने मोजायचा, एका फेरीपुरता नव्हे, तर संमिश्र जितक्या फेऱ्या वापरायचा आपला दावा आहे तितक्या सगळ्या फेऱ्यांमध्ये. तो वाढत असेल तर रंगाच्या प्रयोगातल्या टीओसीमधून तेवढा भाग आधी वजा करायचा, आणि मगच शुद्धीकरणाची टक्केवारी लिहायची.